घराचा शब्द, देवाचा शब्द
(जिवती येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय कादंबरीचा आहे. मराठीत वयात येणाऱ्या मुलांच्या ज्या कादंबऱ्या आणि आत्मकथने लिहिली गेली, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते. मूल घराकडून काही अपेक्षा धरते, देवाधर्माकडून काही अपेक्षा धरते, आणि पंधरा-वीस वर्षांचे होईतो त्या दोन्ही अपेक्षांना तडा जातो. तडा का जातो? गेल्यावर मूल काय करते? घर सोडते? देव सोडतो त्याला, की ते देवाला सोडते? आजचे बोलणे एवढ्याच प्रश्नांभोवती आहे.

हा विषय पुण्या-मुंबईच्या सभागृहात शोभतो, जिवतीत कशाला, असे कुणाला वाटेल. खरे तर तो इथेच जास्त शोभतो. माणिकगड पहाडावरचा हा तालुका म्हणजे मुळात कोलामांचे आणि गोंडांचे गुडे, म्हणजे वस्त्या. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे बैलगाडीत संसार घालून इथे आली. प्रत्येक कुटुंबाने आपले देव आणले, सण आणले, लेकरांसाठी स्वप्ने आणली. त्या लेकरांची लेकरे आज गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर इथल्या कॉलेजांत आहेत. घरातले पहिले पदवीधर होण्याच्या उंबरठ्यावर असलेला मुलगा किंवा मुलगी घराकडे कोणत्या नजरेने पाहते, हे कादंबरीला जितके नेमके कळले आहे, तितके कोणत्याही अहवालाला कळलेले नाही.

पहिला मुद्दा असा की अपेक्षा येतात कुठून?

उत्तर शोधायला ‘श्यामची आई’पासून सुरुवात करावी लागते. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले. ते 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मराठी घरांत हे पुस्तक संस्कारांचे पुस्तक म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते वयात येणाऱ्या मुलाचेही पुस्तक आहे. वडिलांची खोतकी जाते, कर्ज डोक्यावर चढते, घरावर जप्ती येते आणि आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. घर टिकेल, आई राहील, चांगुलपणाला चांगलेच फळ येईल, या मुलाच्या सगळ्या अपेक्षा या पुस्तकात एकेक करून कोसळतात. आपण रडतो ते उगाच नव्हे.

त्यातला एक प्रसंग जवळून पाहू. एक म्हातारी महार बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चाललेली असते. मोळी पडते. एकटीला ती पुन्हा डोक्यावर चढवता येत नाही, आणि शिवायला कुणी पुढे होत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. श्याम घाबरतो, लोक काय म्हणतील? आई म्हणते, घरी येऊन आंघोळ करणार आहे म्हणून सांग. श्याम जातो, मोळी चढवून देतो, लोकांचे टोमणे ऐकतो आणि घरी येऊन आंघोळ करतो.

इथे थोडे थांबायला हवे. आईने दोन गोष्टी एका दमात शिकवल्या. मोळी उचल, ही एक. आणि नंतर आंघोळ कर, ही दुसरी. पहिलीत माणुसकी आहे, दुसरीत विटाळ आहे. आई दोन्ही मनापासून सांगते. तिच्या काळात, तिच्या कोकणातल्या गावात, पहिली गोष्ट सांगणे हेच मोठे धाडस होते. पण मुलगा मोठा होतो तेव्हा त्याला या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता येत नाहीत. देवाला सारी लेकरे सारखी असतील तर आंघोळ कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर गुरुजींनी पुस्तकात दिले नाही, आयुष्यात दिले. 1 मे 1947 रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. मागणी एकच होती, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुले करा. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. मोळी उचलायला शिकवणाऱ्या आईच्या मुलाने आंघोळ टाकून दिली आणि मोळी तेवढी ठेवली.

आजच्या व्याख्यानाचे म्हणणे इथे आले आहे. घराकडून झालेली निराशा परक्याकडून झालेल्या निराशेसारखी नसते, कारण मोजायची पट्टी घरानेच मुलाच्या हातात दिलेली असते. खरे बोल, असे आईने शिकवले, म्हणून तर आईचे खोटे बोलणे टोचते. देव सगळ्यांचा, असे आजीने सांगितले, म्हणून तर बंद दार टोचते. ज्या मुलाला काहीच शिकवले गेले नाही, त्याचा अपेक्षाभंग होत नाही. मोठे होणे म्हणजे घराने शिकवलेल्या अर्ध्या गोष्टी घट्ट धरून उरलेल्या अर्ध्यांशी भांडणे.

दुसरा मुद्दा बापाचा.

आनंद यादव यांची ‘झोंबी’ 1987 मध्ये आली आणि तिला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचा हा शेतकऱ्याचा पोरगा. त्याला शाळा हवी आहे. वडिलांनी त्याला शाळेतून काढून शेतात जुंपले आहे आणि ते स्वतः गावात फिरतात. इथे आई आणि मुलगा मिळून जे करतात ते फार बारकाईने वाचण्यासारखे आहे. दोघे रात्री गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात, सगळे गाऱ्हाणे सांगतात आणि वर विनवतात, आम्ही आलो होतो हे घरी कळू देऊ नका. मग देसाई वडिलांना बोलावून घेतात, खडसावतात, आणि मुलाची शाळा पुन्हा सुरू होते. वडिलांच्या अटींवर. सकाळी अकरा वाजेपर्यंत शेतात पाणी पाजायचे, दप्तर सोबत न्यायचे, तिथूनच शाळेत जायचे. शाळा सुटल्यावर तासभर जनावरे चारायची. काम जास्त असेल त्या दिवशी शाळा नाही. मुलगा सगळ्या अटी आनंदाने मान्य करतो.

ज्या घरात खोटे बोलणे पाप, त्याच घरातल्या आईला मुलाच्या शाळेसाठी नवऱ्याशी लपवाछपवी करावी लागते! याहून मोठा अपेक्षाभंग कोणता? आणि याहून मोठे प्रेम तरी कोणते? ‘झोंबी’ या दोन्ही गोष्टी एका प्रसंगात ठेवते आणि वाचकाला कुठलीही एक निवडून मोकळे होऊ देत नाही.

पुढे काय होते तेही पाहा. शाळेत सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात. मुलाच्या डोक्यात कविता बसते. तीच शेते, तेच पाणी पाजणे, तेच एकटेपण. पण आधी जे एकटेपण खायला उठायचे, ते आता हवेसे होते, कारण एकटा असला की मोठ्याने कविता म्हणता येते, हातवारे करता येतात, नाचता येते. कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काठीने ओळ लिहायची, किंवा दगडावर खड्याने. वडिलांनी लादलेल्या शेतातच मुलाला त्याची शाळा सापडते. वडिलांचा निकाल त्याने मानला नाही. वडिलांचे शेत मात्र ठेवून घेतले.

आणि मुली? हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले. त्यातल्या मुली शिकलेल्या आहेत, कमावत्या आहेत, आणि त्यांच्या मिळकतीवर चालणाऱ्या घराला त्यांचे लग्न होण्याची घाई नाही. केवढा गहजब झाला त्या पुस्तकावरून! मुलीने घराचा हिशेब मांडला, हाच गुन्हा ठरला. पुढे उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये, 2003 साली, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या आईचे आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीचे नाते आले. त्या आईच्या कष्टांचे ऋण मुलीने पानोपानी मानले आहे, आणि तरीही आईचा कठोरपणा लपवलेला नाही. असे लिहायला प्रेम लागते. दुरून असे लिहिता येत नाही.

तिसरा मुद्दा देवाचा, धर्माचा. तो सगळ्यांत अवघड.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा, आणि नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. खानदेशातल्या सांगवीहून तो पुण्याला शिकायला येतो. तिथे त्याचे बस्तान नीट बसत नाही, पैसे उडतात, परीक्षा बिघडते, वडिलांशी बेबनाव वाढत जातो. हा भाग अनेकांना हसवतो. मग धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. तिथून कादंबरीचा सूरच पालटतो.

लहान पोर का मरते? तिने काय केले होते? या प्रश्नाला धर्माने हजारो वर्षे उत्तरे दिली आहेत: पूर्वसंचित, प्रारब्ध, देवाची इच्छा. पांडुरंगाला यातले एकही उत्तर पुरत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांचा भाग वाचताना हे फार तीव्रतेने जाणवते. करुणेची एवढी मोठी कल्पना दगडात कोरलेली समोर आहे, आणि त्या करुणेला मनी दिसली नाही, हे दुःख त्याच्या मनातून जात नाही. तो देवाला शिव्या देऊन मोकळा होत नाही. हात जोडूनही मोकळा होत नाही. दुःख हलके करणारी प्रत्येक सबब तो नाकारतो, कारण ती मान्य केली तर मनी दुसऱ्यांदा जाईल.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. देशात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. म्हणजे ‘कोसला’ आली तेव्हा या रोगाने मुले मरत होती आणि या रोगावरची लसही होती. पोरांना प्रारब्धाने मरावे लागत नव्हते, लस वेळेवर न पोचल्याने मरावे लागत होते. पांडुरंगाचा उत्तराला नकार हा म्हणूनच नास्तिकाचा हट्ट ठरत नाही. त्या नकारात न्यायाची मागणी आहे.

हीच मागणी एका माणसाने फार मोठ्या प्रमाणावर केली. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. वर्षे गेली, दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर 21 वर्षे त्यांनी वाचन, विचार, चर्चा केली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात. आज या सभागृहात बसलेल्या कित्येकांचे आजी-आजोबा त्या दिवशी चंद्रपुरात होते.

त्या सगळ्या घटनेत एक बाब नजरेआड होते. बाबासाहेबांनी धर्माची गरज नाकारली नाही. धर्माने माणसाला समतेचा शब्द द्यायला हवा, ही अपेक्षा त्यांनी सोडली नाही. ज्या धर्माने तो शब्द पाळला नाही तो सोडला, आणि जिथे तो शब्द पाळता येईल असे वाटले तिथे लाखोंना घेऊन गेले. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले, तेव्हा त्या प्रवासाच्या आधीचे आणि नंतरचे जग मराठी वाचकाने पहिल्यांदा एका मोठ्या होणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिले. त्यात दया पवार दगडू मारुती पवारला ऐकतो. शिकलेला माणूस आपल्याच आतल्या लहानपणीच्या मुलाचे ऐकून घेतो. घराची, जातीची, बापाच्या दारूची, आईच्या कष्टांची उजळणी करणारा तो संवाद आजही चटका लावतो.

जग काय म्हणते? थोडक्यात पाहू. आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’ ही कादंबरी 1916 मध्ये आली. स्टीफन डेडॅलस हा तिचा नायक. नाताळच्या जेवणाच्या ताटावरच घरातली मोठी माणसे राजकारण आणि धर्म यांवरून एकमेकांवर तुटून पडतात आणि लहान स्टीफन पाहत राहतो. बाप घरदार विकत विकत खाली येतो. पाद्री नरकाची इतकी भयानक वर्णने करतात की पोराची झोप उडते. पुढे त्याला पाद्री होण्याचे निमंत्रण मिळते आणि तो नकार देतो. आई ईस्टरच्या विधीसाठी विनवते, तेही तो नाकारतो आणि देश सोडायला निघतो.

आपली मुले बहुतेक वेळा देश सोडत नाहीत. पांडुरंग सांगवीला परततो. ‘झोंबी’तला आनंदा शेतात परततो. साने गुरुजी विठ्ठलाच्याच दारात बसतात. पण फरक वाटतो तितका मोठा नाही. चर्च सोडणाऱ्या स्टीफननेही पाद्र्याची निष्ठा सोबत नेली आणि ती कलेला वाहिली. म्हणजे तिथेही अर्धे ठेवले, अर्धे टाकले. बंगालीत 1929 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’त अपूची बहीण दुर्गा जाते, आणि तो मोठा होतो ते तिची आठवण बरोबर घेऊन. मनी आणि दुर्गा, दोघी दोन भाषांतल्या, पण भावांना मोठे करणारे दुःख एकच.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जिवतीचा.

इथल्या मुलाला घराने कोणता शब्द दिला आहे? बापाने बांधावर उभे राहून सांगितलेले असते, हे शेत तुझे. आजोबांनी दगड वेचले, बापाने कापूस-तूर पिकवली, पोराने पुढे सांभाळायचे. मग पोर शिकते, आणि एक दिवस त्याला कळते की शेताचा सातबारा आपल्या नावावर नाही, जमीन कागदावर वनखात्याची आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगरआदिवासी रहिवाशाला 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे राहिल्याचे दाखवावे लागते. बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या कुटुंबाने 75 वर्षे कुठून दाखवायची? बाप खोटे बोलला नव्हता. त्याने जे खरे मानले तेच सांगितले. पण मुलाला त्या दिवशी बाप लहान वाटतो, आणि बाप लहान वाटणे हा वयात येण्यातला सर्वांत जड दिवस असतो.

कोलामाच्या पोराची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक कठीण. पहाड त्याचा आधीपासूनचा. घरात कोलामी, शाळेत मराठी, बाजारात मराठी, तेलंगणच्या सीमेवर तेलुगू. शाळेच्या पुस्तकात त्याचे देव नाहीत. पुस महिन्यात कोटा परंदोलीच्या गुहांकडे जंगुबाईच्या यात्रेला गोंड, कोलाम, परधान कुटुंबे दोन्ही राज्यांतून जातात. पण त्या यात्रेवर निबंध लिहायला शाळेत कुणी सांगत नाही. देवाने दिलेला शब्द इथे देवाने मोडलेला नाही. तो शब्द शाळेने ऐकूनच घेतला नाही. आणि तालुक्यातल्या सीमेवरच्या चौदा गावांत तर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही आपापले हक्क सांगतात, दोन्हीकडच्या निवडणुका येतात, दोन्हीकडच्या शाळा आहेत. अशा गावात मोठ्या होणाऱ्या मुलीने घर कोणत्या राज्यात आहे असे विचारले, तर आईने काय सांगावे?

यातून कादंबरी होत नाही तर कशातून होते?

सारांश असा. अपेक्षा घरच शिकवते, म्हणून घराचीच निराशा सर्वांत खोल जाते. त्या निराशेतून लिहिणारा आई-बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही, आणि देव्हाऱ्यातही बसवत नाही. आणि मराठीतल्या चांगल्या लिहिणाऱ्यांनी देवाधर्माकडे पाठ फिरवण्यापेक्षा त्याच्याकडून दिलेला शब्द मागून घेणे अधिक वेळा पसंत केले आहे, कधी पंढरपूरच्या दारात बसून, कधी दुसऱ्या दाराकडे जाऊन.

आता विनंती, आणि ती कळकळीची आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात ‘श्यामची आई’ असतेच. तिच्या शेजारी ‘झोंबी’, ‘बलुतं’, ‘आयदान’ आणि ‘कोसला’ ठेवा. पालकांनो, पोराच्या वहीत तुमच्याविरुद्ध काही लिहिलेले सापडले तर वही फाडू नका. त्याला तुमच्याशी बोलायचे आहे आणि जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आणि विद्यार्थ्यांनो, पुण्याच्या कादंबरीसारखे लिहिण्याचा प्रयत्न करू नका. आजोबा कोणत्या गावाहून निघाले, वाटेत कुणाला पुरून पुढे आले, कोणता देव सोबत आणला आणि कोणता इथे आल्यावर मानू लागले, पहिले झाड कुणी तोडले आणि त्या झाडाखाली आधी कुणाचा गुडा होता, हे विचारून लिहा. जमिनीचा कागद आहे की नाही, तेही लिहा. लमाणीत लिहा, कोलामीत लिहा, मराठवाडी मराठीत लिहा. आजोबा-आजी हयात आहेत तोवर, याच दिवाळीच्या सुट्टीत, विचारायला सुरुवात करा.

व्याख्यान इथे संपते. पुढचा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे, तो सगळा वापरावा, अशी विनंती आहे.